‘मिल्ट्रीची हाय भाऊ, लढाईतली’: बुलढाण्याच्या भंगारातला एक दावा

बुलढाणा जिल्ह्यात लष्कराची छावणी नाही. महाराष्ट्रात कटक मंडळं सात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी. आयुधनिर्माणी आहेत त्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, भुसावळ आणि वरणगावला. दारूगोळ्याचं मोठं कोठार वर्धा जिल्ह्यात, पुलगावला. तरीही मलकापूर-नांदुरा-खामगाव महामार्गाच्या कडेला, चिखली-मेहकरकडच्या एखाद्या गॅरेजमागे, बाभळीखाली टेकवलेली बिनचाकांची जीप किंवा हौदा काढलेला ट्रक दिसला, की आवाराचा मालक छातीठोकपणे सांगणार, “मिल्ट्रीची हाय भाऊ, लढाईतली.” कोणत्या लढाईतली, हे विचारलं तर उत्तर ऐकणाऱ्याच्या वयावर ठरतं. म्हाताऱ्या माणसाला ती दुसऱ्या महायुद्धातली असते, मधल्या वयाच्याला एकाहत्तरची, आणि कॉलेजच्या पोराला थेट कारगिलची.

दावा दर वेळी खोटा नसतो, आणि तो तपासता येतो. जिल्ह्यात छावणी नाही म्हणून तपास उलट सोपा होतो. लष्करी गाडी इथवर यायला वाट एकच: लष्कराने ती मोडीत काढली, लिलावात विकली, कुणी व्यापाऱ्याने घेतली, त्याच्याकडून पुढे गेली, आणि रस्त्यावर चालवायची असेल तर आरटीओत नोंदली गेली. या प्रत्येक टप्प्याला कागद असतो. मूळ कागद मालकाकडून हरवला तरी त्याची नक्कल किंवा नोंद दुसरीकडे राहते. कागदानंतर लोखंडाची साक्ष. माणसांच्या आठवणींना मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. त्या मोलाच्या असतात, पण बोनेटवर हात ठेवून सांगितलेल्या आठवणीत बहुधा विक्रीची किंमतही मिसळलेली असते.

आधी कागद. लष्करात असताना गाडीला आरटीओचा नंबर नसतो. तिच्या पाटीवर सुरुवातीला वर टोक केलेला बाण, मग खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि अनुक्रमांक. तो बाण ब्रिटिशांच्या काळापासून सरकारी युद्धसामग्रीवर मारला जाणारा शिक्का आहे. गाडी लिलावात गेली की हा नंबर संपतो आणि तिचा नागरी जन्म होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये या जन्माची सोय केलेली आहे. नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना २० मध्ये, एक सरळ प्रश्न आहे: गाडी नवी आहे, लष्कराकडून आलेली आहे, की आयात केलेली? नियम ४७ नुसार लष्कराकडून आलेल्या गाडीला संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणजे १९८९ नंतर नोंदलेली गाडी खरोखर लष्कराची असेल, तर त्या एका प्रश्नाच्या उत्तरात ते लिहिलेलं असणार. बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाबाहेर टपरीवर बसणाऱ्या कुठल्याही एजंटाला विचारा, नोंदवहीच्या उताऱ्याला तो ‘बी-एक्स्ट्रॅक्ट’ म्हणेल. गाडीच्या इतिहासात रस असणाऱ्याने सगळ्यात आधी हा उतारा मागावा. त्यात बनावटीचा महिना आणि साल, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख आणि मालकांची साखळी असते.

जुन्या फायलींमध्ये याहून मोलाची एक चीज सापडते. चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिल घासून उठवलेला ठसा. आरटीओच्या कामाला अजूनही तो लागतो आणि त्याला सरसकट ‘चेसिस प्रिंट’ म्हणतात. कारकून घाईत ३ चा ८ करू शकतो, पेन्सिल करत नाही. अक्षराची ढब, दोन आकड्यांमधलं अंतर, एखादा आकडा वाकडा ठोकला गेला असेल तर तो वाकडेपणा, सगळं त्या ठशात जसंच्या तसं उतरतं. आवारातली चेसिस तीच आहे की दुसरीच कुठली, हे ठरवायला इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

नंबर प्लेटही वाचता आली पाहिजे. एमएच-२८ ही बुलढाण्याची मालिका. एमएचपुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला त्या सुमाराची. तेव्हा एमएच-२८ लागलेला ट्रक बुलढाण्याच्या नोंदवहीत आला तो त्यानंतरच. तो बनला मात्र त्याआधी वीस वर्षं असू शकतो, कारण लष्कराने तो वापरून मगच विकला. परराज्यातून आणलेल्या गाडीलाही इथे नवा नंबर पडतो. तशा वेळी एमएच-२८ हे तिचं दुसरं किंवा तिसरं नागरी नाव असतं आणि पहिलं नाव शोधायला मागच्या कार्यालयाच्या ना-हरकत प्रमाणपत्रापर्यंत जावं लागतं. नोंदणीचं साल हे गाडीचं वय समजणं ही या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक. लिलावात घेतलेल्या गाडीच्या बाबतीत तर ती हमखास होते.

आता लोखंड. यात जीपइतकं वाचण्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

महायुद्धातली जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीजने टोलेडो शहरात, तिचं मॉडेल ‘एमबी’. आणि फोर्डने त्याच आराखड्यावर, तिचं मॉडेल ‘जीपीडब्ल्यू’. १९४१ ते १९४५ या काळात दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीप निघाल्या, त्यात विलीजच्या सुमारे ३ लाख ६० हजार. दोन्ही जीप इतक्या सारख्या की सुटे भाग एकमेकींना बसतात. फरक पाहायचा तर पुढच्या जाळीमागे वाकावं लागतं. दोन चेसिसपट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा तुकडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या नटबोल्टांच्या डोक्यांवर आणि लहानसहान भागांवर वळणदार ‘एफ’ ठोकला होता. ऐंशी वर्षांच्या गंजाखालूनही तो बोटाला लागतो.

क्रमांकाची जागाही वेगळी. विलीजचा क्रमांक डाव्या चेसिसपट्टीच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या छोट्या पत्र्यावर. फोर्डचा त्याच पट्टीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला. आवारात ही जागा नेहमी मातीच्या आणि ग्रीसच्या थराखाली असते. आधी खरवडणीने थर काढायचा, मग डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसायचं, मग तारेचा ब्रश, तोही हलक्या हाताने. ग्राइंडर लावायचा नाही. आकडे उथळ असतात, एका फेऱ्यात जातात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. कोरडं झाल्यावर शाळेतला पांढरा खडू आडवा घासायचा. खोलगट भागात पांढरं बसतं आणि आकडा उठून येतो. विलीजची मालिका १००००१ पासून सुरू होऊन ४५९८५१ पर्यंत गेली. एवढ्या दोन टोकांत क्रमांक कुठे पडतो, यावरून युद्धातलं कोणतं साल ते अंदाजाने सांगता येतं. डॅशबोर्डच्या उजवीकडच्या कप्प्याच्या झाकणावर मुळात तीन पत्र्याच्या पाट्या असत. त्यातल्या एकीवर लष्कराकडे सोपवल्याची तारीख ठोकलेली असे. ती पाटी जागेवर असेल तर अर्धं काम झालं. पण हल्ली तशा पाट्या नव्याने बनवून विकत मिळतात. म्हणून जुन्या रिव्हेटऐवजी चकचकीत स्क्रू दिसले की पाटीला साक्षीदारांच्या रांगेत सगळ्यात मागे उभं करावं.

या सगळ्याच्या आधी, दहा पावलांवरून दिसणाऱ्या खुणा आहेत. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी, आणि दिवे लहान, जाळीच्या आत दबलेले. त्या दिव्यांना बिजागरी असते. वरचा नट सैल करून दिवा उलटा फिरवला की उजेड इंजिनावर पडतो, म्हणजे रात्री अंधारात दुरुस्ती करता यावी. अगदी सुरुवातीच्या पंचवीस हजारांवर विलीज जीपना फटींच्या पत्र्याऐवजी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. तशी जाळी या भागात दिसली तर गॅस कटरवाल्याला चहा पाजून थांबवावं आणि आधी फोटो काढावेत. युद्धानंतर नागरी बाजारासाठी आलेल्या जीपला फटी सात, दिवे मोठे आणि बाहेर आलेले, मागे उघडणारं फळकं, आणि स्टेपनी बाजूला. आणि बोनेट उंच, जवळजवळ चौकोनी पेटीसारखं असेल तर ती सीजे-३बी. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आलं आणि महिंद्राने ते आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलं. बोनेटच्या उंचीला कारण होतं: नव्या इंजिनात आत घेणारी झडप डोक्यावर गेली, इंजिन उंच झालं, त्याला झाकायला बोनेट वर उचलावं लागलं. उंच बोनेटची जीप दुसऱ्या महायुद्धात असणं शक्यच नाही. हा एक नियम लक्षात ठेवला तरी ‘लढाईतली’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक जीपचा निकाल रस्त्यावरूनच लागतो.

स्टिअरिंगचंही तसंच. युद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीप सगळ्या डाव्या हाताच्या. महिंद्राच्या उजव्या हाताच्या. डाव्या हाताची जीप भेटली तर दाव्याला मोठंच बळ येतं. उजव्या हाताची भेटली म्हणून लगेच फेटाळू नये. आपल्याकडच्या मिस्त्र्यांनी स्टिअरिंग इकडचं तिकडे केलेलं असू शकतं. अशा वेळी इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यावर डावीकडे पाहावं. तिथे ठिगळ वेल्ड केलेलं गोल भोक असलं, तर जीपने कूस बदलली आहे.

मुंबईत १९४७ मध्ये विलीजकडून सुट्या भागांत आलेल्या ७५ गाड्यांच्या जोडणीपासून महिंद्राची जीप सुरू झाली. कंपनी त्याआधी दोनच वर्षं, २ ऑक्टोबर १९४५ ला, ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी निघाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इथल्या पाटीवर ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ आलं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की १९४७ नंतर भारतात जीपचे दोन प्रवाह शेजारी-शेजारी वाहू लागले. एक युद्धातून उरलेल्या गाड्यांचा. अमेरिका आणि भारत सरकार यांच्यात १६ मे १९४६ ला वॉशिंग्टनमध्ये युद्धकाळातल्या उसनवारीचा आणि शिल्लक सामग्रीचा हिशेब मिटवणारा करार झाला आणि इथे पडलेला अमेरिकी माल विक्रीला मोकळा झाला. ब्रिटिश-भारतीय फौजेचा जादा माल वेगळाच. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्याच काळात बाजारात रुळला. दुसरा प्रवाह मुंबईत जोडलेल्या आणि पुढे बनवलेल्या गाड्यांचा. त्यातल्या काही लष्करात गेल्या, काही पोलिसांत, काही जंगल खात्यात, आणि बऱ्याच सरकारी कचेऱ्यांत.

इथेच बुलढाण्यातल्या बऱ्याच ‘लष्करी’ जीपचा खरा पत्ता लागतो. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, अमेरिकी तांत्रिक साहाय्य घेऊन. वऱ्हाड तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. ब्लॉक आला, ब्लॉकला अधिकारी, म्हणजे बीडीओ, आला आणि अधिकाऱ्याला जीप आली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम निघाला, फवारणीच्या पथकांना गाड्या लागल्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. राजूर घाटाच्या वर आणि खाली, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, पावसाळ्यात चिखलात रुतणाऱ्या काळ्या रानातल्या रस्त्यांवर गावकऱ्यांनी जवळून पाहिलेली जीप ही बहुतेक वेळा ‘बीडीओ साहेबाची’ होती. ताडपत्रीचा टप, फोर बाय फोरचा जादा दांडा, मागे समोरासमोर दोन बाकडी. लष्करी गाडीचा थाट तोच. तीस वर्षांनी ती गाडी निर्लेखित होऊन लिलावात गेली, दोन मालक बदलले आणि तिची गोष्टही बदलली. बीडीओची जीप असं सांगितल्यावर गिऱ्हाईक वळून बघत नाही. फौजेची म्हटलं की बघतं.

या जीपचा कागदही असतो, फक्त तो लष्कराच्या कचेरीत शोधून उपयोग नाही. पंचायत समितीची जडसंग्रह नोंदवही, गाडीचं लॉगबुक, निर्लेखनाचा प्रस्ताव, जाहीर लिलावाची सूचना. माझ्या मते या जीपचा इतिहास युद्धातल्या जीपहून कमी रंजक नाही. लॉगबुकमध्ये तारीखवार गावांची नावं, किलोमीटर आणि ‘कामाचा तपशील’ लिहिलेला असतो: विहीर पाहणी, साथ, दुष्काळी काम, शाळा तपासणी. तालुक्याचा कारभार कुठल्या गावापर्यंत किती वेळा पोहोचला, याचा इतका बारीक हिशेब गॅझेटियरमध्ये मिळत नाही. बुलढाण्याचे दोन गॅझेटियर आहेत, नेल्सनचा १९१० चा आणि महाराष्ट्र शासनाचा १९७६ चा. पहिला मोटारींच्या जवळजवळ आधीचा आहे. दुसऱ्यात रस्ते आहेत, पण रस्त्यावरची गाडी नाही.

दक्षिणेकडच्या तालुक्यांत आणखी एक मोह होतो. देऊळगाव राजाची हद्द जालन्याला लागते आणि १९४८ पर्यंत ती निजामाच्या राज्याची सीमा होती. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवरची कारवाई सुरू झाली तेव्हा औरंगाबाद-जालन्याच्या दिशेने मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या हाताखालच्या तुकड्या शिरल्या. पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्यामुळे या पट्ट्यातल्या जुन्या जीपला ‘रझाकारांच्या वेळची’ हे बिरुद चिकटवणं अगदी सोपं आहे. पण फौजेच्या गाड्या कारवाई संपल्यावर फौजेबरोबर परत जातात, वाटेतल्या गावात सोडून देत नाहीत. असा दावा मानायचा तर जीप निदान १९४८ च्या आधी बनलेली हवी आणि तिच्या विक्रीचा कागद हवा. पहिल्या अटीलाच, म्हणजे बोनेटच्या उंचीपाशी, बहुतेक गाड्या अडतात.

रंगाचं शास्त्र तर उलटंच चालतं. गडद हिरवी दिसली की लष्कराची, असं आपण धरून चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ मात्र सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे लिलावात घेऊन रीतसर नोंदलेल्या गाडीचा वरचा रंग बदललेलाच असणार. हिरवा शोधायचा तो आत: डॅशबोर्डच्या पाठीमागे, बिजागरीच्या खाचेत, बॅटरीच्या ट्रेखाली, बोल्ट काढल्यावर उरलेल्या गोल चट्ट्यात. वर निळा, त्याखाली पांढरा आणि अगदी तळाशी प्राइमरला चिकटून हिरवा असेल, तर गोष्ट जमते. वर ताजा कोरा हिरवा आणि आत कुठेही हिरवा नाही, तर ती लग्नाच्या वरातीसाठी किंवा रिसॉर्टच्या दारात उभी करण्यासाठी रंगवलेली गाडी आहे. रंगाचीच आणखी एक खरी खूण मागच्या डिफरवर, म्हणजे धुऱ्याच्या मधल्या गोळ्यावर, असते. रात्री ताफ्यात चालताना पुढच्या गाडीचे दिवे बंद असतात. मागच्या चालकाला अंतर कळावं म्हणून मागच्या डिफरचा गोळा पांढरा रंगवून त्यावर लहान दिवा सोडतात. हौद्याखाली आडवं पडून त्या गोळ्यावरचा चिखल खरवडला आणि जुना पांढरा थर निघाला, की ट्रकने फौजेत नोकरी केली आहे असं मानायला हरकत नाही. नागरी ट्रकवाला तिथे रंग वाया घालवत नाही.

ट्रकांची दोनच नावं घेतो. महायुद्धातल्या फौजी ट्रकांत सगळ्यात सहज ओळखू येतो तो कॅनडात बनलेला फोर्ड किंवा शेवरोले, चपट्या नाकाचा. इंजिन केबिनच्या आत सरकवलेलं, त्यामुळे पुढे नाक असं नाहीच. नंतरच्या केबिनची समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली, म्हणजे नेहमीच्या मोटारीच्या अगदी उलट. वरून काचेवर चमक पडू नये म्हणून केलेली ही युक्ती. असे चार लाखांवर ट्रक बनले आणि त्यातले कितीतरी सुट्या भागांत मुंबईला येऊन इथल्या फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या कारखान्यांत जोडले गेले. युद्धानंतर ते लाकूडवाल्यांकडे, खाणींवर, क्रेनच्या कामाला गेले. आज अख्खा ट्रक मिळणं दुर्मीळ, पण पुढची केबिन एखाद्या आवारात पाण्याच्या टाकीचा आडोसा म्हणून उभी असू शकते. काचेचा तिरपेपणा तेवढा पाहावा.

दुसरा शक्तिमान. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या जबलपूरच्याच व्हेइकल फॅक्टरीत तो बनला. १९९० च्या दशकात थांबला. जबलपूर आणि बुलढाणा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. ताटातूट झाली आणि दोनतीन वर्षांतच तिकडे शक्तिमान निघू लागले. शक्तिमान आणि त्या काळचा नागरी ट्रक यांतला पक्का फरक पुढच्या धुऱ्यात. साध्या ट्रकचा पुढचा धुरा म्हणजे नुसती वाकवलेली जाड पट्टी. शक्तिमानच्या पुढच्या धुऱ्यातही डिफरचा गोळा, कारण पुढची चाकंही इंजिनाने फिरतात. बॉडी कुठलीही असो, वर बोअरवेलची मशीन बसवलेली असो, रंग काहीही असो, खाली वाकून पुढच्या दोन चाकांमध्ये गोळा दिसला की विचारपूस सुरू करावी. जबलपूरच्याच निस्सान परवान्यावरच्या जोंगा आणि वन-टनर या गाड्यांनाही ही कसोटी लागू पडते. जोंगाचं नाव तर कारखान्याच्याच इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे.

अडचण येते ती मिसळीची. आपल्याकडे गाडी पूर्ण मरत नाही. युद्धातल्या चेसिसवर सीजे-३बीची बॉडी, त्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन, मागचे पाटे तिसऱ्याच गाडीचे, आणि चालायला एकदम ठणठणीत. इंजिन बदललं तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घेण्याची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. अशी नोंद सापडली तर कुठल्या साली काय बदललं ते तारखेनिशी कळतं. अशा गाडीला एक साल चिकटवू नये. चेसिसचं साल वेगळं, इंजिनाचं वेगळं, बॉडीचं वेगळं, असं तीन ओळींत लिहावं. मालकाला ते आवडत नाही, पण खरं तेच असतं.

आणि कागद चोख असला म्हणजे लोखंड चोख असतं असंही नाही. याचा सगळ्यात गाजलेला दाखला जीपचाच. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सौदा झाला. मद्रासला उतरलेल्या १५५ जीप लष्कराने तपासल्या आणि वापरायच्या लायकीच्या नाहीत म्हणून नाकारल्या. संसदेच्या लोकलेखा समितीने सौद्यावर कडक ताशेरे ओढले. सरकारने १९५५ मध्ये प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. त्या जीप कागदावर ‘दुरुस्त केलेल्या’च होत्या. बंदरावर बोनेट उघडल्यावर वेगळं दिसलं. साध्या भंगारवाल्याच्या पावतीवर ‘आर्मी जीप, चालू स्थितीत’ लिहिलेलं वाचताना हे प्रकरण आठवावं.

डोळा तयार करायला अहमदनगरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ मध्ये उघडलेलं. तिथे रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून १९६५ च्या पॅटनपर्यंत गाड्या ओळीने उभ्या आहेत. जीप-ट्रकवाल्याला तिथे थेट उत्तर मिळेलच असं नाही, पण लष्करी कारखान्याचं वेल्डिंग, रिव्हेट आणि जाड पत्रा कसा असतो ते समजतं, आणि मग गावच्या गॅरेजातलं काम त्याच्याशेजारी लपत नाही.

हे सगळं आता घाईने करायला हवं, त्यालाही सरकारी कागद कारण आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात आली आणि त्या नोंदणीकृत मोडीत काढणाऱ्या केंद्रांकडेच देण्याचा नियम झाला. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना तेवढी सूट. पंचायत समितीची जुनी जीप जाहीर लिलावात घेऊन तिला मिल्ट्रीची करण्याचा धंदा यापुढे अवघड आहे. आवारात आहे तो साठा शेवटचा, आणि तो किलोच्या भावाने जातो.

खरी गाडी वाचवायची तर तीही सोय झाली आहे. जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, म्हणजे मॅटाडोरच्या इंजिनवाली बाद. आणि पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. लष्करात आरटीओची नोंदणीच नसते. तेव्हा टोलेडोहून १९४३ मध्ये निघालेली, पुढे बरीच वर्षं फौजेत राबलेली आणि लिलावानंतर १९८० मध्ये पहिल्यांदा नागरी नंबर मिळालेली जीप कुणाच्या आवारात असेल, तर तिची पन्नास वर्षं कागदोपत्री २०३० मध्ये भरतील.